राणीच्या बागेतली उर्वशी

हिवाळा सरता सरता भायखळ्याच्या राणीच्या बागेत उर्वशी फुलते. तांबड्या फुलांचे लांब घोस खाली झुलू लागतात. मोठ्या पाकळ्यांच्या टोकांशी पिवळे ठिपके. वाघ पाहायला निघालेली गर्दी बहुधा मान वर न करताच पुढे जाते.

हा वृक्ष मूळचा ब्रह्मदेशाचा. कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानाचे प्रमुख नॅथॅनिएल वॉलिच यांना तो १८२७ मध्ये तेथील एका मठाच्या आवारात आढळला. त्याची फुले बुद्धमूर्तीपुढे वाहिली जात. नाव मात्र पडले गव्हर्नर-जनरलच्या पत्नीवरून: अ‍ॅमहर्स्टिया नोबिलिस. त्या मानाने मराठीने दिलेले ‘उर्वशी’ हे नाव कितीतरी रसिक! रानात हा वृक्ष फारच विरळा. तो टिकला बागांच्या आश्रयाने.

ही बागही एका विस्थापनातूनच जन्मली. शिवडीची जुनी बाग दफनभूमीसाठी गेली आणि १९ नोव्हेंबर १८६२ रोजी लेडी फ्रिअर यांच्या हस्ते भायखळ्यात ‘व्हिक्टोरिया गार्डन्स’ खुली झाली. पुढे तिथेच प्राणी आले, आणि वनस्पती उद्यान ही तिची मूळ ओळख मागे पडली. २००७ च्या सुमारास प्राणिसंग्रहालयाच्या पुनर्रचनेचा भव्य आराखडा पुढे आला, तेव्हा मुंबईकर नागरिक आक्षेप घेऊन उभे राहिले ते या झाडांसाठी.