भंडाऱ्याचे दुसरे मत

आंधळगाव म्हटले की आपणांस कोशाचे कापड आठवते. आज आम्ही बोलणार आहोत ते मतपेटीविषयी. परंतु आरंभ मागापासूनच केला पाहिजे. आमच्या या मुलखात कोष्टी विणीत आणि महारही विणीत. कोष्ट्यांकडे तलम, रेशीमकाठी वस्त्र, महारांकडे जाडेभरडे. गिरणीच्या कापडाने दोघांच्याही पोटावर पाय आणला. तरी वस्त्या वेगळ्या, विहिरी वेगळ्या आणि पंगती वेगळ्या राहिल्या त्या राहिल्याच.

अशा या जिल्ह्यात मे १९५४ मध्ये लोकसभेची पोटनिवडणूक झाली. तेव्हा भंडारा मध्य प्रदेशात होता. मतदारसंघ दोन जागांचा. त्यांतील एक अनुसूचित जातींसाठी राखीव. प्रत्येक मतदारास दोन मते असत, परंतु ती दोन्ही एकाच उमेदवारास देता येत नसत. राखीव जागेसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले.

या व्यवस्थेचे मूळ १९३२ च्या पुणे करारात आहे. त्या कराराने अस्पृश्यांचे स्वतंत्र मतदारसंघ गेले आणि संयुक्त मतदारसंघांत राखीव जागा आल्या. म्हणजे जागा त्यांची, पण त्या जागेवर कोणी बसावे हे ठरविणार सारा गाव! यातील धोका बाबासाहेबांनी पुढे वारंवार बोलून दाखविला होता.

भंडाऱ्यात त्यांच्या कार्यकर्त्यांनी सुचविले की, आपल्या लोकांनी दुसरे मत कोणासच देऊ नये, ते वाया घालवावे. बाबासाहेबांनी हे साफ नाकारले, असे सांगतात. १९५२ मध्ये मुंबईत त्यांचा पराभव झाला, तेव्हा मते वाया घालविण्याच्या प्रचाराविरुद्ध त्यांनी आणि अशोक मेहता यांनी निवडणूक अर्ज केला होता. जे तेथे अन्याय्य, ते येथे न्याय्य कसे ठरावे?

निकाल लागला. सर्वसाधारण जागेवर प्रजासमाजवादी पक्षाचे अशोक मेहता निवडून आले. राखीव जागेवर काँग्रेसचे भाऊराव बोरकर. बाबासाहेब आठ हजारांवर मतांनी मागे राहिले. एकाच मतदारसंघाने एका जागेवर काँग्रेस नाकारली आणि दुसऱ्या जागेवर स्वीकारली. कोणी म्हणेल, हा पक्षसंघटनेचा प्रभाव. तोही असेल. परंतु केवळ पक्ष पाहून मते पडली असती, तर दोन्ही निकाल एका दिशेने जावयास हवे होते. दुसरे मत देताना मतदाराच्या मनात आणखी काही होते, आणि ते काय असावे हे आमच्या आळ्यांनाच विचारले पाहिजे.

१९६१ च्या कायद्याने दोन जागांचे मतदारसंघ मोडले. ते दुसरे मत आता राहिले नाही. परंतु निवडणूक आली की अमुक आळीची मते किती, तमुक जातीची किती, हा हिशेब आजही ओट्यांवर मांडला जातो, आणि तो मांडणाऱ्यांत आम्हीही असतो. राज्यघटनेच्या मसुदा समितीचा अध्यक्ष आमच्या दारी मत मागावयास आला होता. आम्ही उमेदवार पाहिला की त्याची आळी पाहिली? भंडाऱ्याने या प्रश्नाचे उत्तर अजून द्यावयाचे आहे.