सूज, गाठ आणि नागपूर

स्तनाच्या कर्करोगाचा एक प्रकार असा आहे की त्यात पुष्कळदा गाठ हाताला लागतच नाही. काही आठवड्यांत स्तन सुजतो, लाल आणि गरम होतो, आणि त्यावरची कातडी संत्र्याच्या सालीसारखी बारीक खळग्यांची दिसू लागते. संत्र्यांच्या नागपुरात तरी ही खूण समजावून सांगायला कष्ट पडू नयेत. तरीही घोटाळा होतो, कारण बाळंतिणीच्या थानात दूध साठून होणारे गळू घरोघरी ठाऊक असते. आधी शेक, मग पोटीस, मग प्रतिजैविकांच्या गोळ्या असे दिवस निघून जातात. गळू समजून चीर दिली, तर पू येत नाही.

पिकणारी सूज आणि न पिकणारी गाठ यांत फरक करण्याची धडपड जुनीच आहे. अर्बुद, म्हणजे कर्करोगासारखी गाठ, पिकत नाही, हे सुश्रुतसंहितेत स्पष्ट नोंदवलेले आहे. स्तनाच्या गाठीवरची कातडी जांभळट पडली की रोगाचे लक्षण वाईट समजावे, असे चार्ल्स बेल या शल्यविशारदाने १८१४ मध्ये लिहून ठेवले. १९२४ मध्ये न्यूयॉर्कच्या ली आणि टॅननबॉम यांनी या रोगाला ‘दाहक कर्करोग’ हे नाव दिले. नाव मात्र निम्मेच खरे. ही लाली जंतूंमुळे येत नाही. कर्करोगाच्या पेशींचे पुंजके कातडीतल्या लसीकावाहिन्यांत अडकतात, द्रव तुंबतो आणि कातडी फुगते. वाहिन्यांत पेशी शिरलेल्या असल्याने रोग काखेतल्या गाठींपर्यंत आणि पुढे फुप्फुस, यकृत, हाडे यांपर्यंत लवकर जातो.

दाहाचा कर्करोगाशी असलेला खरा संबंध वेगळ्याच वाटेने उलगडला. १८६३ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ रुडॉल्फ फिरशो याने अर्बुदांत पांढऱ्या पेशी पाहिल्या आणि दीर्घकाळच्या दाहातून कर्करोग उद्भवतो असे मत मांडले. स्टीफन पॅजेट याने १८८९ मध्ये स्तनाच्या कर्करोगाने दगावलेल्या ७३५ स्त्रियांच्या नोंदी तपासल्या आणि हा रोग कुठेही न रुजता ठरावीक अवयवांतच रुजतो हे दाखवले. १९८६ मध्ये हॅरोल्ड ड्वोरॅक याने अर्बुदाला न भरणारी जखम म्हटले. जखम भरून काढायला येणाऱ्या भक्षक पेशी अर्बुदातही येतात. पण तिथे त्या नव्या रक्तवाहिन्यांना चालना देतात आणि कर्कपेशींना रक्तात शिरायला वाट करून देतात. वाढलेल्या चरबीतही असाच मंद दाह धुमसत असतो.

नागपुरात हे ज्ञान उपचारांच्या रूपाने यायला बराच काळ लागला. स्त्रियांनी छातीचे दुखणे पुरुष डॉक्टरला दाखवणे अवघडच होते. म्हणून स्कॉटिश मिशनचे सीताबर्डीवरचे म्युअर मेमोरियल रुग्णालय आणि कमलाताई होस्पेट व वेणूताई नेने यांनी १९२१ मध्ये उभी केलेली मातृसेवा संघ ही संस्था यांचे मोल मोठे. पण त्यांचा भर मुख्यतः बाळंतपणावर होता. १९४१ मध्ये परळला टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले, तेव्हापासून कर्करोग म्हणजे मुंबईची रेल्वे, असेच विदर्भात कित्येक वर्षे समीकरण राहिले. १९४७ मध्ये सुरू झालेले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, म्हणजे नागपूरकरांचे ‘मेडिकल’, हा पहिला मोठा आधार. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे १९६८ मध्ये कर्करोगाने निधन झाले. पुढे कॅन्सर रिलीफ सोसायटीने मानेवाडा रस्त्यावर चालवलेल्या रुग्णालयाला त्यांचेच नाव मिळाले. तिथे विदर्भाबरोबर बालाघाट, शिवनी, छिंदवाड्याचेही रुग्ण येतात.

१९८० मध्ये इंडियन कॅन्सर सोसायटीने नागपुरात कर्करोग नोंदणी सुरू केली. हे काम दिसायला रुक्ष. रुग्णालये, प्रयोगशाळा आणि मृत्युनोंदींतून नावे गोळा करायची, एकच रुग्ण ‘मेडिकल’मध्येही दिसतो आणि ‘मेयो’ या दुसऱ्या सरकारी रुग्णालयातही, तेव्हा तो दोनदा मोजला जाऊ नये म्हणून वय-पत्ता पडताळायचा, आणि शहराबाहेरचे रहिवासी गाळायचे. त्यामुळे बालाघाटची स्त्री नागपुरात उपचार घेऊनही या आकड्यांत येत नाही. देशातल्या शहरी नोंदण्यांत गर्भाशयमुखाचा कर्करोग मागे पडून स्तनाचा पुढे आला. नागपूरही त्याला अपवाद नाही. मात्र थानाला पोटीस बांधण्यात किती दिवस गेले, हे अशा नोंदणीतून कळत नाही, आणि विदर्भाच्या दृष्टीने तेच अधिक महत्त्वाचे ठरले असते.

अलीकडचा एक भारतीय प्रयोग दाहाच्या याच धाग्याशी जुळतो. शस्त्रक्रियेची जखम कर्कपेशींना चेतवत असेल, तर ती करण्याआधी गाठीभोवती भूल देण्याचे साधे लिग्नोकेन टोचून पाहावे, असा विचार टाटा रुग्णालयाच्या राजेंद्र बडवे यांनी केला. ११ केंद्रांत सुमारे १,६०० स्त्रियांवर चाचणी झाली. २०२३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले: पाच वर्षांनी औषध टोचलेल्यांपैकी ९०.१ टक्के हयात होत्या, न टोचलेल्यांपैकी ८६.४ टक्के. ही चाचणी लवकर सापडलेल्या रोगाची होती. सुजलेल्या, लाल स्तनाला तिचे निष्कर्ष लागू करता येत नाहीत.

त्याच वर्षी नागपूरजवळच्या जामठ्याचे राष्ट्रीय कर्करोग संस्थेचे रुग्णालय पूर्ण क्षमतेने सुरू झाले. उपचार जवळ आले, तरी दाहक प्रकारात आजही आधी केमोथेरपी, सूज उतरल्यावर शस्त्रक्रिया आणि त्यानंतर किरणोपचार असा क्रम ठरलेला आहे. थेट शस्त्रक्रियेने सुरुवात केल्यास कातडीत पसरलेला रोग मागे राहतो. प्रतिजैविकांचा एक क्रम संपूनही लाली ओसरली नाही, तर कातडीचा तुकडा तपासायला घेतात.