टिपट्रीची पोस्टपेटी आणि आपलं गेलो-गेले

गेल्या रविवारी डोंबिवलीच्या घरातलं पुस्तकांचं कपाट आवरायला घेतलं. तासाभराने आई डोकावली तर मी जमिनीवर फतकल मारून नारळीकरांचं 'यक्षांची देणगी' वाचत बसलेलो. कपाट अजून तसंच आहे. असो.

नारळीकरांच्या पहिल्या कथेचा किस्सा तुमच्यापैकी बऱ्याच जणांना ठाऊक असेल, तरी सांगतो. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेने विज्ञानकथा स्पर्धा ठेवली होती. नारळीकर तेव्हा केंब्रिजहून परतून टीआयएफआरमध्ये होते. अहमदाबादला एका परिसंवादात व्याख्यान फारच रटाळ चाललं होतं, म्हणून त्यांनी तिथेच कथा लिहायला घेतली. (मीटिंगमध्ये वहीत रेघोट्या ओढणाऱ्या आपल्यासारख्यांना केवढा दिलासा!) स्वतःच्या नावाने पाठवली तर परीक्षक नावाला बक्षीस देतील, म्हणून ज. वि. ना. ही अद्याक्षरं उलटी केली आणि नाव तयार झालं नारायण विनायक जगताप. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून मंगलाताईंनी कथा आपल्या हाताने उतरवली. 'कृष्णविवर'ला पहिलं बक्षीस मिळालं, मग खरं नाव बाहेर आलं आणि सगळ्यांना आनंद झाला. पुढे २०२१ च्या नाशिकच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद याच लेखकाकडे आलं. २०२५ च्या मे महिन्यात नारळीकर गेले.

टोपणनावाची इतकी गोड गोष्ट क्वचितच सापडते. त्याच वर्षांत अमेरिकेत विज्ञानकथेतलंच दुसरं एक टोपणनाव गाजत होतं. ते उघडं पडलं तेव्हा मात्र असा आनंद झाला नाही.

मार्च १९६८ च्या 'ॲनालॉग' मासिकात जेम्स टिपट्री ज्युनियर या नव्या लेखकाची कथा आली. पुढच्या आठ-नऊ वर्षांत या माणसाने ह्यूगो आणि नेब्युला ही दोन्ही मोठी पारितोषिकं मिळवली. पण त्याला कुणी पाहिलेलं नव्हतं. तो संमेलनांना येत नसे, फोन घेत नसे. पत्ता काय, तर व्हर्जिनियातल्या मॅक्लीन गावचा पोस्ट बॉक्स. पत्रं मात्र भरभरून लिहायचा. अर्सुला ल ग्वीन, जोआना रस, फिलिप के. डिक असे सगळे त्याचे पत्रमित्र. लहानपण काही काळ आफ्रिकेत गेलं, युद्धात सैन्यात होतो, वगैरे सांगायचा. राहतो वॉशिंग्टनजवळ, तेव्हा नक्की गुप्तहेर असणार, असं लोकांनी ठरवून टाकलं. टिपट्री बाई आहे अशीही एक कुजबुज होती. १९७५ साली रॉबर्ट सिल्व्हरबर्ग या नावाजलेल्या लेखकाने टिपट्रीच्या संग्रहाला प्रस्तावना लिहिली आणि ही शंका हास्यास्पद ठरवली. या लेखनात काहीतरी अस्सल पुरुषी आहे, हेमिंग्वेसारखं, असं त्याचं म्हणणं. (पुढे त्याने चूक मोकळेपणाने कबूल केली, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं.) त्याच वर्षी एका छोट्या नियतकालिकात बायका आणि विज्ञानकथा या विषयावर पत्रांतून चर्चा झाली. तीत टिपट्री 'पुरुष' म्हणून सामील झाला आणि जोआना रसकडून त्याने चांगल्या कानपिचक्या खाल्ल्या!

आता खरी गोष्ट. टिपट्री म्हणजे ॲलिस शेल्डन, जन्म १९१५. चित्रकार, मग सैन्यात हवाई छायाचित्रं वाचणारी अधिकारी, मग नवऱ्याबरोबर कोंबड्यांचा व्यवसाय, काही वर्षं सीआयए आणि शेवटी १९६७ मध्ये मानसशास्त्रात डॉक्टरेट. त्याच दगदगीच्या दिवसांत डोकं हलकं करायला तिने कथा लिहिल्या. दुकानात मार्मलेडच्या बरणीवर टिपट्री हे नाव दिसलं, तिने पुढे जेम्स लावलं, नवऱ्याने मागे ज्युनियर जोडलं. कथा साभार परत येतीलच, मग दुसऱ्या नावाने पाठवू, इतका साधा हिशेब होता.

दोन लग्नं झालेल्या या बाईला आयुष्यभर ओढ वाटली ती बायकांची. हे तिने सरळ शब्दांत लिहिलं १९८० मध्ये, पासष्टाव्या वर्षी, जोआना रसला. रस स्वतः उघडपणे लेस्बियन होती.

पुरुषाच्या सहीचा तिला फायदा झाला आणि तोच तिला टोचायचाही. 'द विमेन मेन डोन्ट सी' या १९७३ च्या कथेचं कौतुक असं होत होतं, की बघा, पुरुष असून बायकांना किती ओळखलंय! तिने ती कथा नेब्युलाच्या यादीतून काढून घेतली. मधल्या काळात राकूना शेल्डन नावाने, म्हणजे बाई म्हणून, लिहायलाही सुरुवात केली होती. राकूनाच्या कथा टिपट्रीइतक्या सहज खपेनात. हात तोच, टाइपरायटर तोच.

ऑक्टोबर १९७६ मध्ये तिची आई वारली. आई शिकागोची नावाजलेली प्रवासलेखिका. टिपट्रीने पत्रांतून आईच्या मृत्यूबद्दल लिहिलं, वाचकांनी वर्तमानपत्रातली निधनवार्ता शोधली, तर वारस एकच, मुलगी. संपलं! दोस्तांनी सांभाळून घेतलं, पण तिचं लिहिणं पूर्वीसारखं सुरळीत झालं नाही. १९८७ मध्ये तिने आजारी, जवळपास अंध झालेल्या नवऱ्याला गोळी घालून स्वतःलाही संपवलं. तिच्या नावाने १९९१ पासून दिलं जाणारं पारितोषिक याच कारणावरून २०१९ मध्ये 'अदरवाइज' झालं. मला तो निर्णय पटतो, आणि तिच्या कथांवरचं माझं प्रेम तसूभर कमी होत नाही. दोन्ही एकदम खरं आहे, काय करणार.

हे सगळं वाचताना डोक्यात एक किडा वळवळत होता. टिपट्रीला हे मराठीत जमलं असतं का?

इंग्रजीत 'मी गेलो' आणि 'मी गेले' यांत फरकच नाही. आफ्रिका, सैन्य, वॉशिंग्टन, ॲलिसने लिहिलेलं बरंचसं खरं होतं. बाई की पुरुष, हे वाक्य तिला विचारतच नव्हतं. मराठीत क्रियापद दारातच अडवतं. सोमवारी लोकल दिव्याजवळ रखडली तेव्हा मोबाइलवर प्रयोग करून पाहिला. मी पत्र लिहिलं, चहा घेतला, तीन बिस्किटं खाल्ली. कळत नाही! मी जाईन, मला वाटतं, माझं ठरलंय, हेही सुरक्षित. पण उठलो-उठले, हसलो-हसले, घाबरलो-घाबरले, आणि अख्खा करतो-करते वर्तमानकाळ, सगळीकडे पकडले जाता. म्हणजे असा निवेदक खाऊ शकतो, पण रडू शकत नाही. ('मला रडू आलं' ही पळवाट आहे, मान्य. चार पानं नुसतंच रडू येत राहिलं तर वाचक पळेल. आणि कोल्हापूरकडच्या मुली बिनदिक्कत 'मी येतो' म्हणतात, त्यांना हा लेख लागू नाही.)

आता प्रेमाचं बघा. 'मला तो आवडला. मी थांबलो.' दोन चिमुकल्या वाक्यांत सगळं बाहेर. सचिन कुंडलकरच्या 'कोबाल्ट ब्लू'त (२००६) एकाच पेइंग गेस्टच्या प्रेमात पडलेले भाऊ आणि बहीण आपापली बाजू सांगतात. भावाला तिथे लपायला जागाच नाही. त्याच्या आदल्या वर्षी बिंदुमाधव खिरे यांची 'पार्टनर' आली. खिरे आपल्याच धंद्यातले, अमेरिकेत सॉफ्टवेअरमध्ये होते, परत येऊन २००२ मध्ये पुण्यात समपथिक ट्रस्ट काढला. या दोघांनी लिहिलं तेव्हा कलम ३७७ पुरतं जिवंत होतं, ते समलिंगी संबंधांपुरतं बाजूला झालं ६ सप्टेंबर २०१८ ला. दोन्ही कादंबऱ्या इथल्या घरांतल्या आहेत, अंतराळातल्या नाहीत.

अंतराळातली एक मी लिहिली होती. काही वर्षांपूर्वी, एका दिवाळी अंकासाठी. टायटनभोवती फिरणारं दुरुस्ती केंद्र, दोन इंजिनिअर, अकरा वर्षं. दोघेही पुरुष. पाठवायच्या आदल्या रात्री समीरची समीरा केली. माझ्या घरी माझ्याबद्दल माहीत आहे, ऑफिसात निम्म्यांना, सोसायटीत कुणालाच नाही, आणि अंक सोसायटीच्या वाचनालयात येतो. 'ला'चं 'ली' करणारी छोटी स्क्रिप्ट लिहिली, तर तिने 'मला'चं 'मली' आणि 'त्याला'चं 'त्याली' करून ठेवलं. मग पहाटेपर्यंत हाताने एकेक क्रियापद बदललं. तरी एक राहिलंच: 'समीरा हळूच म्हणाला.' तसंच छापून आलं.

अंक निघाल्यावर कल्याणहून एका वाचकाची मेल आली. कथा आवडली, पण हा 'म्हणाला' मुद्रणदोष आहे का? मी तेव्हा एका शब्दात 'हो' असं उत्तर दिलं होतं.

परवा रात्री त्यांना दुसरी मेल पाठवली, मूळ फाइल जोडून. उत्तर अजून आलेलं नाही.