नाकावाटे निसटणारा आवाज

पॅरिस, सप्टेंबर १८१९. खिडकीच्या उजेडात ‘आ’ वासून बसलेल्या तरुणाशेजारी तुम्ही तस्त धरून उभे आहात. जॉन स्टीफन्सन हा माँट्रियलहून डॉक्टरकी शिकायला आलेला. मघाशी तो तुमच्याशी बोलला, तेव्हा ‘म’ आणि ‘न’ तेवढे लागले, बाकी सगळं गेंगाणं. त्याची मऊ टाळू जन्मापासून मधोमध फाटलेली आहे. नाक चिमटीत धरून ‘पापा’ म्हणून बघा, सहज म्हणता येतं. तुमची टाळू वर उचलली जाऊन नाकाची वाट बंद करते. त्याची करत नाही.

सर्जन फिलिबेर रू वाकडी सुई आत घालतात. भूल नाही, ईथर यायला अजून सत्तावीस वर्षं आहेत. सुई टाळूच्या मागून पुढे काढायची, तीही जवळजवळ अंदाजाने. उबळ येते, हात बाहेर. रक्त, लाळ, तुमचं तस्त. पुन्हा सुई. तीन दोरे ओवून झाल्यावर फटीच्या कडा कापून ताज्या करतात, मगच गाठी. आता त्याने बोलायचं नाही, आवंढाही गिळायचा नाही. (तुम्ही मात्र नकळत गिळता.)

टाळू जुळते, बोलणं सुधारतं. पुढच्याच वर्षी हा पठ्ठ्या एडिनबराला स्वतःच्या टाळूवर लॅटिनमध्ये प्रबंध लिहिणार आहे.

पण सगळेच एवढे नशीबवान नसतात. फट शिवली तरी टाळू आखूड पडली, की मागच्या भिंतीला टेकत नाही आणि हवा नाकात जातच राहते. म्हणून १८७५ मध्ये क्योनिग्सबर्गला शोएनबोर्न घशाच्या मागच्या भिंतीची एक पट्टी सोडवून टाळूला शिवताना दिसतील. मध्ये पूल, दोन्ही बाजूंनी श्वासाला वाट. वाट फार अरुंद झाली तर घोरणं आलंच.

त्यानंतर शंभरेक वर्षांनी, फ्लोरिडात, लेनर्ड फर्लो यांच्या टेबलापाशी या. मला विचाराल तर खरी अक्कल इथे आहे. फाटलेल्या टाळूत उचलणारे स्नायू आडवे न जुळता पुढे, कडक टाळूच्या काठाला चिकटलेले असतात. फर्लो तोंडाकडच्या आणि नाकाकडच्या थरांत उलटसुलट ‘झेड’ कापतात. पदर अदलाबदल करून शिवले, की स्नायू एकमेकांवर आडवे बसतात आणि टाळूची लांबीही वाढते.

आता रुग्ण छान भुलीत आहे. मात्र जखम भरली की स्पीच थेरपिस्टकडे चकरा आहेतच. ‘प’ किंवा ‘क’ घशातच अडवायची जुनी सवय टाक्यांनी जात नाही.