पंचवीस घोड्यांमागे एक नालबंद

युद्धशास्त्राशी माझा संबंध दहावीच्या इतिहासाच्या पेपरापुरता आला, आणि तिथेही मी सनावळीवर वेळ मारून नेली. पुढे कॉमर्सला गेलो, बँकेत चिकटलो, आणि मोहीम, वेढा, तह हे शब्द फक्त कर्जवसुलीच्या वेळीच कानावर पडू लागले. तरीही गेल्या महिन्यात माझ्यावर सैन्य उभे करण्याची पाळी आली. कारण आमचा भाचा.

हा भाचा सध्या चुडाव्यात आमच्याकडेच असतो. पहाटे पाचला उठून सैन्यभरतीसाठी धावतो आणि रात्री मोबाइलवर जुन्या जमान्यातल्या लढाया हरतो. खेळाचा कायदा सोपा आहे. सुरुवातीला हजार मोहरा मिळतात, त्यांत फौज विकत घ्यायची. घोडा महाग, भालेकरी स्वस्त, तिरंदाज मधल्या भावाचा. घोडेस्वार तिरंदाजाला तुडवतो, तिरंदाज भालेकऱ्याला टिपतो आणि भालेकरी घोड्याला भोसकतो. सगळ्यांत भारी असा कोणीच नाही. आमच्या शाखेत हेच चालते. मॅनेजर मला झापतो, मी शिपायाला पिटाळतो आणि शिपाई चहा न आणून मॅनेजरला नमवतो.

भाच्याने सगळ्या मोहरा घोड्यांत घातल्या होत्या. मराठी रक्त! समोरच्याने स्वस्तातले भालेकरी उभे केले आणि याचे घोडे संपले.

"मामा, तुमी बीकॉम हायेत ना? मंग जरा ब्यालन्स लावून द्या की!"

पदवीचा असा उल्लेख आमच्या घरात लग्नानंतर प्रथमच झाला. मी कागद घेतला. घोडे एक तृतीयांश, पायदळ एक तृतीयांश, उरलेल्यांत तोफा. बेरीज बरोब्बर हजार. दोन लढाया जिंकलो. तिसरीत आमचे घोडे शत्रूच्या अंगावर धावले तेव्हा आमच्या तोफा अजून नदी उतरत होत्या. खाते जुळले होते, फौज हरली होती. हे आपण आधी कुठेतरी वाचले आहे, असे मला वाटू लागले.

त्या रात्री मी कपाटातून जुनी पुस्तके काढली. बायकोला वाटले, प्रमोशनची परीक्षा.

पहिला धक्का सभासदाने दिला. 1690 च्या दशकात जिंजीला बसून या गृहस्थाने शिवाजीमहाराजांचे चरित्र लिहिले. त्यात फौजेचा हिशोब आहे: पागा पंचेचाळीस हजार, शिलेदार साठ हजार. पागेतल्या बारगिराचा घोडा सरकारचा, शिलेदाराचा घोडा स्वतःचा. आणि शिलेदारांना महाराजांनी पागेच्या ताब्यात ठेवले. का, ते माझ्यासारख्याला लगेच कळते. शिलेदार हा मालक. घोडा मेला की त्याचे भांडवल बुडाले, आणि भांडवल घातलेला माणूस आधी भांडवलाकडे बघतो. बारगीर पगारी, तो हुकमाकडे बघतो. पण मला खरे आवडले ते पुढचे कलम. पंचवीस बारगिरांमागे एक हवालदार, आणि तेवढ्याच घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद. पाणी पाजणारा आणि नाल ठोकणारा! भाच्याच्या खेळात हे दोघे विकत मिळतच नाहीत. तिथल्या घोड्याला तहान लागत नाही आणि त्याचा नाल पडत नाही.

दुसरा धडा आमच्याच लाइनीवर आहे. चुडाव्याहून मनमाडच्या गाडीत बसलात की पूर्णा, परभणी, जालना, छत्रपती संभाजीनगर करत रोटेगाव येते. तेच वैजापूरचे स्टेशन, आणि वैजापूरजवळ पालखेड. तिथे फेब्रुवारी 1728 मध्ये पहिल्या बाजीरावाने निजामुल्मुल्कला कोंडले. निजामाचा तोफखाना नावाजलेला, बाजीरावाकडे नुसते घोडे. आमच्या कोष्टकानुसार बाजीराव हरायला हवा. पण तो तोफांपुढे उभाच राहिला नाही. जालना, माहूर, वाशीम, खानदेश, तिथून थेट गुजरात असा फिरत राहिला. निजामाने पुणे घेतले, तर हा औरंगाबादेवर उलटला. निजाम पाठोपाठ धावला आणि धावता धावता स्वतःच्याच जड तोफांच्या पुढे निघून गेला. पालखेडला त्याचे पाणी तोडले. मोठी लढाई अशी झालीच नाही. 6 मार्चला मुंगी-शेवगावला तह झाला. दुसऱ्या महायुद्धातल्या माँटगोमेरी या इंग्रज सेनापतीनेही या मोहिमेची तारीफ करून ठेवली आहे.

आता एक अवघड गोष्ट. भाचा सारखा "आपून जिंकलो, आपून जिंकलो" म्हणत होता. पण चंद्रसेन जाधव, रंभाजी निंबाळकर ही अस्सल मराठी मंडळी तेव्हा निजामाकडे होती, आणि आमचा मुलूख तर 17 सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाकडेच होता. आमचे पूर्वज पालखेडला असलेच, तर कोणत्या बाजूने तहानले असतील, हे मी त्याला सांगितले नाही.

बत्तीस वर्षांनी, फेब्रुवारी 1760 मध्ये, उदगीरला हिशोब उलटा झाला. या वेळी तोफा आपल्याकडे. निजामाच्या चाकरीतून आलेला इब्राहिमखान गारदी आणि त्याचे कवायती पायदळ भाऊसाहेबांनी वापरले आणि निजामाकडून साठेक लाखांचा मुलूख घेतला. भाऊसाहेबांचा तोफांवर विश्वास बसला. बसणारच! एकदा फायदा झालेल्या योजनेत माणूस पुढच्या वर्षी सगळी ठेव घालतो, हे मी काउंटरवरून रोज बघतो.

मग 14 जानेवारी 1761. पानिपतावर आपल्याकडे सगळे होते. घोडा होता, गारदी होते, तोफा होत्या. माझे एक तृतीयांशाचे कोष्टकच म्हणा ना! ठरले असे की फौजेचा गोल करायचा, बाजारबुणगे आणि बायकामाणसे मध्ये ठेवायची आणि तोफांच्या आडोशाने यमुनेकडे सरकायचे. पण गोल बैलांच्या चालीने सरकतो आणि शिलेदाराचा घोडा घोड्याच्या चालीने. डाव्या बाजूला इब्राहिमखानाचे गारदी रोहिल्यांना कापत असताना विंचूरकर आणि गायकवाडांचे स्वार गोल सोडून पुढे धावले, रोहिल्यांच्या बंदुकांपुढे फुटून मागे आले, आणि गारद्यांची बाजू उघडी पडली. अब्दालीच्या छोट्या तोफा मात्र उंटांवर बसलेल्या. फौज जाईल तिकडे त्या जायच्या.

इथे मी पुस्तक मिटणार होतो, पण काशीराजाची एक नोंद दिसली. हा शुजाउद्दौल्याच्या चाकरीत, म्हणजे अब्दालीच्या गोटात. तो लिहितो, लढाईच्या सकाळी इब्राहिमखान भाऊसाहेबांना मुजरा करून म्हणाला, की मी माझ्या माणसांच्या महिन्याच्या पगारासाठी धरणे धरायचो म्हणून आपण रागावत होता. या महिन्यात तर खजिनाच लुटला गेला आणि आम्हांला काहीच मिळाले नाही. असो, आज मी माझे काम करून दाखवतो. पगाराची कटकट शत्रूच्या गोटापर्यंत पोचली होती, यावरून ती किती जुनी असेल ते ओळखा. खजिन्याचे म्हणाल, तर दिल्लीहून निघालेली एक तुकडी रात्री वाट चुकून अफगाणांच्याच छावणीत शिरली, असे सांगतात. आमच्याकडे अशी कॅश चुकीच्या शाखेत गेली तर चौकशी बसते.

गारदी त्या दिवशी बिनपगारी लढले आणि बहुतेक तिथेच पडले. इब्राहिमखान जखमी होऊन सापडला आणि मारला गेला.

भाचा एवढा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मंग त्यांचा ऱ्हायलेला पगार?"

मी काय सांगणार! हा पोरगा पायदळातच जाणार. 2022 पासून ही भरती अग्निवीर म्हणून चार वर्षांची आहे. पुढे चारांतला एक फार तर कायम होतो. बहिणीने फोनवर मला तीनदा विचारले, की बाकीच्या तिघांचे काय. भाचा तो विषयच काढत नाही. तो सोळाशे मीटरची वेळ मोजतो.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी मुद्दाम उठून बाहेर आलो. तो ओट्यावर बसून बूट घालत होता. डाव्या बुटाचा तळ पुढून उघडला होता आणि त्याने तो सुतळीने बांधला होता. असे किती दिवस धावतोय, विचारले तर म्हणाला, "दिवाळीपासून."

संध्याकाळी बँक सुटल्यावर नांदेडच्या बाजारातून नऊ नंबरचे बूट घेतले. किंमत ऐकून मला पानिपत आठवले, पण घेतले. घरी बायको खर्चाच्या वहीत लिहायला बसली होती. ही रक्कम कशात धरायची, म्हणून तिने विचारले.

"नालबंदी," मी म्हटले.

तिने "चप्पल-बूट" असे लिहिले.