छत्तिसाचे अडतीस

मापन म्हणजे एक आकडा आणि एक एकक, असे आपण विज्ञानाच्या तासाला शिकवतो. पण व्यवहारातला प्रत्येक आकडा हे माप असतेच असे नाही. नळकाम करणाऱ्याकडून ‘अर्धा इंची’ लोखंडी पाइपचा तुकडा आणा आणि व्हर्नियर कॅलिपरने मोजा. बाहेरचा व्यास साधारण २१ मिलिमीटर भरेल, आतला १६ च्या आसपास. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर. तो त्या पाइपात कुठेच सापडत नाही! अर्धा इंच हे आता पाइपाचे माप राहिलेले नाही, ते त्याचे नाव आहे.

अशा ‘नाव झालेल्या मापां’चे एक चांगले उदाहरण पिस्तुल-रिव्हॉल्वरांच्या इतिहासात सापडते. रहस्यकथांतून आणि चित्रपटांतून ‘पॉइंट थ्री एट’ रिव्हॉल्वर सर्वांना परिचित आहे. ०.३८ म्हणजे अर्थातच इंचाचा भाग. पण या रिव्हॉल्वरची गोळी मोजली तर तिचा व्यास भरतो ०.३५७ इंच. मग हे अडतीस आले कुठून?

त्यासाठी १८५१ सालापर्यंत मागे जावे लागेल. त्या वर्षी अमेरिकेत सॅम्युएल कोल्टच्या कारखान्यातून ‘नेव्ही’ नावाचे रिव्हॉल्वर बाहेर पडले. त्याचा आकडा होता ०.३६. त्यात आजच्यासारखे काडतूस नव्हते. फिरत्या नळकांड्याच्या प्रत्येक खणात पुढून काळी दारू ओतायची, वर शिशाची गोळी ठेवायची आणि नळीखालच्या तरफेने ती दाबून बसवायची. मागच्या बाजूला स्फोटक टोपी लावायची. गोळी खणाच्या तोंडापेक्षा किंचित मोठी असे. दाबताना तिच्या कडेचे शिसे बारीक कडीसारखे तासून निघे आणि ती घट्ट बसे. ०.३६ हा आकडा नळीच्या भोकाचा होता. पण गोळीला गिरकी देण्यासाठी नळीत आतून पिळाच्या खाचा असतात. या खाचांच्या तळापासून तळापर्यंत मोजले, तर व्यास सुमारे ०.३७५ इंच भरे. गोळीला ही सारी जागा भरून काढावी लागते, नाही तर मागचा वायू बाजूने निसटतो. म्हणजे एकाच नळीची दोन मापे होती आणि नावात त्यांपैकी एकच आले.

याच काळात धातूचे काडतूस पुढे येत होते. पुंगळी, दारू, गोळी आणि पेटवणारे रसायन हे सारे एकत्र असलेले काडतूस मागून भरायचे, तर नळकांड्याचे खण आरपार हवेत. अशा आरपार खणांचे पेटंट रोलिन व्हाइट याने १८५५ मध्ये घेतले होते आणि त्याचा हक्क स्मिथ अँड वेसन या कंपनीकडे गेला होता. हे पेटंट १८६९ मध्ये संपले. मग कोल्टच्या कारखान्याने जुन्या पद्धतीची रिव्हॉल्वरे आणि शिल्लक सुटे भाग काडतुसांसाठी बदलून घ्यायला सुरुवात केली. नळकांड्याचा मागचा भाग कापला आणि खण सरळ आरपार पाडले.

आता भूमितीचा प्रश्न आला. खणाचा व्यास सुमारे ०.३८ इंच, म्हणून पुंगळीही तेवढीच. नळी जुनीच, म्हणून गोळी हवी ०.३७५ इंचाची. पण पुंगळीला जाडी असते. ०.३८ च्या पुंगळीत ०.३७५ ची गोळी शिरणार कशी? त्यावर तोडगा निघाला तो टाचेच्या गोळीचा. गोळीचा तळ थोडा बारीक करायचा, तेवढाच भाग पुंगळीत बसवायचा आणि उरलेली गोळी पुंगळीच्या बाहेर, तिच्याच जाडीची ठेवायची. शाईच्या पेनचा पुढचा भाग मागच्या नळीत बसतो, तसेच हे. आत शिरणारा भाग बारीक, बाहेरून मात्र दोन्ही एकसारखे. या काडतुसाला ०.३८ म्हणू लागले. म्हणजे छत्तिसाच्या बंदुकीतून अडतिसाचे काडतूस जन्माला आले, आणि त्या वेळी हे नाव बरेचसे खरेही होते.

या रचनेत एक उणीव होती. शिशाच्या गोळीला वंगण लागते. (काडतुसाचे वंगण आपल्याला १८५७ च्या इतिहासातून ठाऊक आहेच.) टाचेच्या गोळीचे वंगण उघड्यावर राही. त्याला धूळ चिकटे, ते खिशात पुसून जाई. १८७१ मध्ये रशियन सरकारने स्मिथ अँड वेसनकडे ०.४४ ची रिव्हॉल्वरे मागवली, तेव्हा वंगणाचा भाग पुंगळीच्या आत राहील अशा गोळीचा आग्रह धरला. ही सुधारणा पुढे ०.३८ लाही लागू झाली. पुंगळी तीच ठेवून गोळी आत न्यायची, तर गोळीच्या व्यासातून पुंगळीच्या भिंतीची दुप्पट जाडी वजा झाली पाहिजे. उरले ०.३५७. गोळी बारीक झाली, पुंगळी तेवढीच राहिली, नाव तर मुळीच बदलले नाही.

जुन्या नळ्यांत ही नवी गोळी जवळजवळ अर्धा मिलिमीटर सैल पडू लागली. म्हणून काही काळ तिचा तळ पोकळ ठेवत. वायूच्या दाबाने तो फुलावा आणि खाचा भराव्यात, ही त्यामागची कल्पना.

दुसरा बदल डोळ्यांना दिसणारा नव्हता. काळ्या दारूत साधारण ७५ टक्के सोरा, १५ टक्के कोळसा आणि १० टक्के गंधक असते. ती जळल्यावर निम्म्याहून अधिक वस्तुमान घनरूपात, म्हणजे धूर आणि काजळी होऊन उरते. १८८४ मध्ये फ्रान्समध्ये पॉल व्हिएय याने नायट्रोसेल्युलोजपासून बिनधुराची दारू तयार केली. ती जवळजवळ सर्वच वायुरूप होते, म्हणून थोड्या वजनात जास्त काम करते. शिवाय दाब वाढला की तिचा जळण्याचा वेगही बराच वाढतो. काळ्या दारूसाठी बनवलेल्या लोखंडाच्या किंवा साध्या पोलादाच्या नळकांड्याला हे झेपेलच असे नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ‘०.३८ स्पेशल’ आले आणि १९३५ मध्ये ‘०.३५७ मॅग्नम’. दोघांची गोळी एकाच व्यासाची. म्हणजे मॅग्नमच्या नावात माप शेवटी खरे बोलले. परंतु अमेरिकी उद्योगाच्या प्रमाणांनुसार ०.३८ स्पेशलचा कमाल दाब चौरस इंचाला १७,००० पौंड, तर मॅग्नमचा ३५,०००, म्हणजे दुपटीहून अधिक. चुकून अदलाबदल होऊ नये म्हणून मॅग्नमची पुंगळी सुमारे एक अष्टमांश इंच लांब ठेवली. स्पेशलच्या खणात पुढे एक पायरी असते, तिथे ती अडते. ही झाली भूमितीने केलेली राखण. पण अमेरिकी सैन्याने १८९२ मध्ये घेतलेल्या ०.३८ च्या कोल्ट रिव्हॉल्वरांपैकी सुरुवातीच्यांचे खण सरळ आरपार होते, त्यांत पायरीच नव्हती. त्यांत चाळीसेक वर्षांनी आलेले मॅग्नमही बिनबोभाट शिरते. नावावर आणि ‘बसते आहे’ एवढ्यावर विश्वास ठेवणाऱ्याच्या हातात अशी बंदूक फुटू शकते.

म्हणूनच, जुन्या रिव्हॉल्वरांची बंद पडलेली काडतुसे हाताने पुन्हा घडवणाऱ्यांचे काम इतिहासाच्या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. अमेरिकेसारख्या देशांत, जिथे कायदा परवानगी देतो, तिथे काही संग्राहक हे करतात. ही कला नवी नव्हे. १८७०-८० च्या दशकांत काडतुसे महाग होती आणि शिकारी पुंगळ्या जपून पुन्हा भरत. मात्र हे काडतुसाच्या मध्यभागी टोपी असेल तरच जमते, कारण वापरलेली टोपी काढून नवी बसवता येते. कडेच्या घडीत रसायन भरलेल्या काडतुसाला ही सोय नाही. त्यामुळे ०.४४ हेन्रीसारख्या कड-काडतुसांचे उत्पादन थांबले, तशा त्यांच्या बंदुका मुक्या झाल्या.

अशा कामाची सुरुवात नाव वाचून होत नाही. आधी नळीत मऊ शिसे दाबून तिचा ठसा घेतात. खण पुढून, मागून मोजतात. गोळी टाचेची होती की आतली, हे ठरवतात. धातू कोणत्या काळातला आहे हे पाहतात. मग साचा आणि पुंगळी. इतके करून कित्येकदा निष्कर्ष निघतो, की ही बंदूक भिंतीवरच शोभते. आपल्याकडे तर १९५९ च्या शस्त्र अधिनियमानुसार परवान्याशिवाय दारूगोळा बनवणे हा गुन्हाच आहे. तेव्हा आपण त्यांची मोजण्याची शिस्त तेवढी घेऊ या.

टाचेची गोळी मात्र पूर्णपणे इतिहासजमा झालेली नाही. राष्ट्रीय छात्र सेनेत ज्यांनी ०.२२ ची रायफल चालवली असेल, त्यांनी ती हाताळली आहे. त्या काडतुसाची गोळी आजही पुंगळीच्या जाडीचीच असते, वंगणही बाहेरच असते.

वर्गात करण्याजोगा उपक्रम सोपा आहे. विद्यार्थ्यांना घरातल्या आणि बाजारातल्या ‘आकड्याच्या नावा’च्या वस्तू गोळा करायला सांगा. पाइप, बूट, सायकलचे टायर, काहीही चालेल. प्रत्येकाचे नाव एका रकान्यात आणि प्रत्यक्ष माप दुसऱ्या रकान्यात लिहू द्या. जिथे दोन्ही जुळणार नाहीत, तिथे तिसरा रकाना उघडा: हा आकडा कधी आणि कशासाठी खरा होता? या तिसऱ्या रकान्यासाठी विद्यार्थ्यांना कॅलिपर खाली ठेवून दुकानदाराला, कारागिराला आणि जुन्या पुस्तकांना विचारावे लागेल.