कारखान्यांतील इंग्रजी शाळा

लहान मुलास परभाषा शिकविणें निराळें आणि संसारी मनुष्यास शिकविणें निराळें. दिवसभर यंत्राशीं झगडून आलेल्या कामकऱ्यापुढें व्याकरणाचें पुस्तक उघडलें, तर त्यास झोंप येईल, विद्या येणार नाहीं. मग त्याचें मन धड्यांत गुंतवावयाचें कसें?

१९१४ सालीं अमेरिकेंतील डेट्रॉइटलगतच्या हायलंड पार्क येथील फोर्ड मोटार कारखान्यास हाच प्रश्न पडला. त्या वर्षींच्या जानेवारींत हेन्री फोर्ड यांनीं पांच डॉलर रोजाची घोषणा केली होती. पोलंड, रशिया, इटली, हंगेरी अशा देशांतून आलेले हजारों कामगार तेथें राबत. परंतु मुकादमाचा शब्द कळावा एवढेंहि इंग्रजी अनेकांपाशीं नव्हतें.

कारखान्यानें पीटर रॉबर्ट्स यांस पाचारण केलें. पेनसिल्व्हेनियांतील खाणकामगारांशीं त्यांचा पूर्वींचा परिचय होता. त्यांच्या पद्धतीचें मूळ ग्वँ या फ्रेंच शिक्षकाच्या अनुभवांत होतें. ग्वँ यांनीं जर्मन व्याकरण व कोश मुखोद्गत केले, तरी त्यांस जर्मन बोलतां येईना. घरीं परतल्यावर पाहतात तों घरचें चिमुकलें मूल नुकतीच पाहिलेली पिठाची गिरणी एकेक क्रिया क्रमानें सांगून वर्णीत आहे! क्रियांच्या साखळीनें भाषा वळते, हें त्यांनीं त्यावरून ताडलें.

रॉबर्ट्स यांनीं घर, कारखाना व व्यापार अशा तीन धड्यांच्या माळा रचिल्या. पहिलाच धडा सकाळीं उठण्याचा. शिक्षकानें कृति करून वाक्य म्हणावयाचें, वर्गानें तें मोठ्यानें म्हणावयाचें. हातपाय आणि नित्याच्या वस्तू हींच शिक्षणाचीं साधनें. शिक्षकहि कारखान्यांतीलच, स्वेच्छेनें व बिनमोबदला शिकविणारे.

या चित्रास दुसरी बाजू आहे. वर्ग पाळीपूर्वीं किंवा पाळीनंतर भरत, आणि न येणाऱ्याची नोकरी धोक्यांत येई. समारंभांत विद्यार्थी आपापल्या देशाच्या पोशाखांत एका प्रचंड कढईंत उतरत आणि अमेरिकन पोशाखांत बाहेर पडत. भाषेबरोबर मनुष्यहि ओतून घडवावयाचा होता!

साधन उत्तम होतें, यांत शंका नाहीं. तथापि प्रौढास शिकवितांना त्याच्या अनुभवास जसें वर्गांत स्थान द्यावें, तसेंच त्याच्या मायबोलीसहि द्यावें. नवी भाषा ही जोड असावी. जुनीच्या मोबदल्यांत घेतलेली वस्तु नव्हे.